जावजी दादाजी: टाइप घासणाऱ्या पोराने मराठी अक्षर कसं बदललं

मागच्या महिन्यात ऑफिसात एक काम आलं. आमच्या स्पर्धक कंपनीचं अ‍ॅप वापरायचं आणि आपल्या अ‍ॅपशी तुलना करून रिपोर्ट द्यायचा. मी एक्सेल शीट उघडली: लॉगिनला किती टॅप, स्क्रीन किती सेकंदात उघडते, मराठी आहे की नाही. शेवटच्या ओळीत दोघांनाही हिरवी टिक दिली आणि शहाडला घरी आलो.

घरी बाबा आमचंच अ‍ॅप उघडून बसले होते. डोळ्यांमुळे त्यांनी फोनचा फॉन्ट मोठा करून ठेवलाय. स्क्रीनवर दोन बटणं होती आणि दोन्हींवर एकच मजकूर: 'आपोआप नूतनीकरण…'. पहिल्यावर पुढे 'हवं' होतं, दुसऱ्यावर 'नको'. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो आणि आमच्या अ‍ॅपने नेमका शेवटच कापला होता. बाबांनी अंदाजाने वरचं बटण दाबलं आणि वर्षभराचे पैसे कापले गेले. स्पर्धकाच्या अ‍ॅपमध्ये तसंच बटण दोन ओळींत पूर्ण दिसत होतं. माझ्या शीटमध्ये मात्र दोघांनाही सारखीच टिक.

त्या रात्री मला जावजी दादाजी आठवले. मराठी फॉन्टवर शोधाशोध करताना त्यांचं नाव आधी वाचलं होतं. आज त्यांची गोष्ट सांगतो, कारण हे काम त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी माझ्यापेक्षा कितीतरी नीट केलं होतं.

दोन रुपये महिना

जावजी दादाजी चौधरी यांचा जन्म 1839 चा. घरची गरिबी, शाळा जेमतेम. साधारण दहाव्या वर्षी ते मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये कामाला लागले. काम काय, तर टाइप घासणं. पगार महिना दोन रुपये.

टाइप म्हणजे शिशाच्या मिश्रधातूचा छोटा चौकोनी खिळा, त्याच्या डोक्यावर उलटं अक्षर. आधी पोलादाच्या तुकड्यावर अक्षर कोरायचं, ते तांब्यावर ठोकून साचा करायचा, साच्यात वितळलेला धातू ओतायचा. ओतून निघालेल्या खिळ्याच्या कडा खडबडीत असतात, त्या घासून गुळगुळीत कराव्या लागतात. खिळा जरा जरी जाड-बारीक राहिला, तरी अख्खी ओळ वाकडी दिसते.

त्या काळी मिशन प्रेसचे देवनागरी टाइप नावाजलेले होते. ते टॉमस ग्रॅहम यांनी तयार केलेले. म्हणजे पुढे जावजींना ज्या मालाशी टक्कर द्यायची होती, तो माल लहानपणी रोज त्यांच्या बोटांखालून जात होता. मी स्पर्धकाचं अ‍ॅप दोन दिवस वापरलं. त्यांनी स्पर्धकाचं प्रत्येक अक्षर हातात घेतलं होतं.

देवनागरी इतकी अवघड का?

इंग्रजीला मोठी-छोटी मिळून 52 अक्षरं, अंक आणि चिन्हं पुरतात. आपली ओळ मात्र तीन मजली आहे. मधल्या मजल्यावर अक्षर, शिरोरेषेच्या वर वेलांटी-मात्रा-रफार, खाली उकार. शिवाय जोडाक्षरं. या सगळ्यासाठी शेकडो वेगवेगळे खिळे लागतात. वरची मात्रा नाजूक असली की छापताना मोडते, आणि शाई जास्त झाली की आतली पोकळी भरून अक्षराचा ठिपका होतो.

आजही भांडण तेच आहे. अ‍ॅपमध्ये ओळीची उंची इंग्रजीच्या मापाने ठेवली की रफार वरून कापला जातो आणि उकार खालून. मग 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला फरक कसा कळणार? एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या.

स्वतःचा कारखाना

जावजींनी आणखी काही छापखान्यांत नोकरी केली आणि 1864 मध्ये स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला. अक्षरं कोरायला सोबत होते राणोजी रावजी आरू. ते कुशल कारागीर होते आणि जावजींचे मित्रही. या जोडीने लहानमोठ्या आकारांचे रेखीव, ठसठशीत टाइप तयार केले. पुढे इतर छापखानेही हे टाइप विकत घेऊ लागले.

1869 मध्ये त्यांनी निर्णयसागर छापखाना सुरू केला. नाव आलं पंचांगावरून. पंचांगाच्या बाजारात स्पर्धा आधीपासून होती. गणपत कृष्णाजींनी 1831 मध्येच मराठी पंचांग छापलं होतं, तेही स्वतः बनवलेल्या शिळाप्रेसवर.

पंचांग हे त्या काळचं घरोघरचं अ‍ॅपच समजा. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण, सगळं बारीक रकान्यांत. वाचणार कोण? गावातले जोशीबुवा किंवा घरातलं वडीलधारं माणूस, तेही अनेकदा दिव्याच्या उजेडात. तिथे एक आकडा चुकीचा वाचला तर मुहूर्तच चुकायचा. बारीक टाइप स्वच्छ उमटणं हे तिथे सौंदर्याचं काम नव्हतं, गरजेचं होतं.

पुढे निर्णयसागरमधून संस्कृत ग्रंथांची रांगच लागली. 1886 पासून 'काव्यमाला' निघू लागली. पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांनी त्यातली जुनी काव्यं-नाटकं तपासून संपादित केली. मुद्दाम स्वस्त ठेवलेली ही पुस्तकं युरोपातल्या अभ्यासकांपर्यंत गेली. मुलांसाठी विनायक कोंडदेव ओकांचं 'बालबोध' मासिक 1881 मध्ये सुरू झालं, तेही इथूनच. विद्वान असो की शाळकरी पोर, दोघांच्याही हातात तितकंच स्वच्छ अक्षर पडत होतं.

1892 मध्ये जावजी गेले. वय अवघं 53 च्या आसपास. मुलगा तुकाराम जावजी यांनी छापखाना पुढे चालवला.

मी रिपोर्टमध्ये काय बदललं

दुसऱ्या दिवशी सकाळच्या लोकलमध्ये शहाडला चढलो आणि कल्याण यायच्या आत ती हिरवी टिक काढून टाकली. 'मराठी आहे की नाही' या एका ओळीच्या जागी चार ओळी लिहिल्या:

- फॉन्ट सर्वात मोठा केल्यावर बटणावरचं पूर्ण वाक्य दिसतं का?
- 'नाही', 'नको', 'नका' कापले जातात का?
- रफार आणि उकार पूर्ण दिसतात का?
- 'दऱ्या', 'ऱ्हस्व', 'दृष्टी', 'श्रद्धा' नीट उमटतात का?

चारही ओळींत स्पर्धक पुढे निघाला. मीटिंगमध्ये हे सांगताना बरं वाटलं नाही, कारण त्या बटणाचा कोड मीच लिहिलेला होता. पण ते काम आता आमच्या पुढच्या अपडेटमध्ये पहिल्या नंबरवर आहे.

तुम्हीही आज एक करा. फोनचा फॉन्ट सर्वात मोठा करा, भाषा मराठी ठेवा आणि रोजचं एखादं अ‍ॅप आई-बाबांच्या हातात द्या. ते कुठे अडतात ते नुसतं बघा, मध्ये बोलू नका. जे सापडेल ते स्क्रीनशॉटसकट त्या अ‍ॅपवाल्यांना पाठवा. आमच्यासारखं कोणीतरी तिकडे बसलेलं असतं आणि त्याच्या शीटमध्ये बहुतेक हिरवी टिकच असते.