सरखेलांचा नेम

समुद्रावरील तोफेचा नेम हा केवळ तोफेच्या आकाराचा प्रश्न नसून ती केव्हा आणि कोठून डागावयाची या निर्णयाचा प्रश्न आहे, याची साक्ष कान्होजी आंग्रे यांच्या चरित्राइतकी स्पष्टपणे क्वचितच अन्यत्र मिळेल.

1669 च्या सुमारास जन्मलेले कान्होजी मूळचे पुणे प्रांतातील आंगरवाडीच्या घराण्यातले. वडील तुकोजी शिवछत्रपतींच्या सेवेत होते. सुवर्णदुर्गावर कान्होजींचा लौकिक वाढला आणि 1698 मध्ये त्यांना सरखेल हे पद मिळाले. पुढे बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने ते शाहू महाराजांच्या पक्षास मिळाले आणि कोकणच्या किनाऱ्याचा मोठा भाग त्यांच्या हाती आला. परदेशी व्यापाऱ्यांनी आपले दस्तक घ्यावे, हा त्यांचा आग्रह होता. पोर्तुगीज जो परवाना सक्तीने घ्यावयास लावीत, त्याच जातीचा हा हक्क. तरीही इंग्रजांनी त्यांना चाचे ठरविले.

त्या काळी तोफेच्या नळीत गोळा सैल बसे, आणि बत्ती दिल्यापासून बार उडेपर्यंत लाटेबरोबर जहाज वर-खाली होई. साहजिकच दूरचा नेम बहुधा फुकट जाई. यावर इंग्रजांचा उपाय म्हणजे जहाजाच्या दोन्ही कुशींत तोफांच्या रांगा लावून एकाच वेळी भडिमार करणे. हा उपाय दारूगोळ्याने श्रीमंत असणाऱ्याचा होता. कान्होजींनी दुसरा मार्ग धरला. त्यांच्या गुराबांच्या नाळेवर पुढे तोंड केलेल्या नऊ किंवा बारा पौंडी तोफा असत. वारा पडला की चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबते गुराबांना ओढीत शत्रूच्या पिछाडीस नेत, जेथे त्याच्या कुशीतील तोफा वळू शकत नसत. तेथून शिडे व डोलकाठ्या निकामी करावयाच्या आणि जहाज लुळे पडले की मावळी वीरांनी त्यावर चढावयाचे. तोफ सुधारणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी अंतर सुधारले.

1717 मध्ये विजयदुर्गावर आणि 1718 मध्ये खांदेरीवर आलेले इंग्रज परत फिरले. 1720 मध्ये त्यांनी अवजड तोफांचा एक तरंगता बुरूजच विजयदुर्गापुढे आणून उभा केला. परंतु त्याच्या झरोक्यांतून तोफांची तोंडे पुरेशी उचलताच येईनात आणि गोळे अलीकडे पाण्यात पडू लागले. 1721 च्या अखेरीस इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर केलेली स्वारीही फसली. 1729 मध्ये कान्होजी निवर्तले, तोपर्यंत या सत्तांना त्यांचा किनारा जिंकता आला नाही.

नेमाचा हा प्रश्न पुढे यंत्रयुगानेही पूर्णपणे सोडविला नाही. 1916 च्या जटलंडच्या लढाईत दुर्बिणी व गणितयंत्रे हाताशी असतानाही युद्धनौकांच्या प्रचंड तोफांचे शंभरांतील जेमतेम तीन-चार गोळे लक्ष्यावर बसले. साधनसंपत्ती वाढली म्हणून विवेकाची गरज संपत नाही, असेच यावरून म्हणावे लागते.

मात्र या चरित्राचा उत्तरार्ध अधिक बोलका आहे. कान्होजींच्या मागे पुत्रांत कलह माजला, घराण्याची सत्ता दुभंगली आणि तुळाजी व पेशवे यांचे वैर विकोपास गेले. 1756 मध्ये पेशव्यांची फौज जमिनीवरून आणि इंग्रजांचे आरमार समुद्रावरून विजयदुर्गावर चालून आले. बंदरात दाटीने उभ्या असलेल्या आरमारातील एका जहाजावर गोळा पडला, आग पसरत गेली आणि पाहता पाहता सारे आरमार भस्मसात झाले. जी जहाजे मोकळ्या समुद्रात शत्रूच्या नेमाबाहेर राहण्यासाठी बांधली होती, त्यांना एका जागी कोंडून शत्रूचा नेम सोपा करून दिला तो आपसातल्या कलहाने.

जुन्नर-आळ्याच्या पठारावरील माल शतकानुशतके घाट उतरून कल्याणच्या बंदराकडे जात आला. त्या मुलखाचे भाडे, भाव आणि जकात शेवटी समुद्रावर कोणाची सत्ता चालते यावरच ठरत असे. म्हणून आरमाराचा नाश ही केवळ कोकणची हानी नव्हती. मुंबईतील नौदलाच्या तळास आज आंग्रे यांचे नाव आहे, हे उचितच होय. त्या नावाबरोबर 1721 चा विजय जसा आठवावा, तशीच 1756 ची आगही विसरता कामा नये.