बिशप बेडेल आणि आयरिश भाषा

आयर्लंडचें नांव निघालें कीं तेथील प्रॉटेस्टंट व कॅथलिक यांचा जुना कलह आपणांस आठवतो. त्या देशाची प्राचीन आयरिश भाषा कॅथलिकांची आणि इंग्रजी प्रॉटेस्टंटांची, अशी वांटणीही पुष्कळांनीं मनांत करून ठेविलेली असते. ती वांटणी ज्यांच्या चरित्रापुढें टिकत नाहीं, त्या बिशप विल्यम बेडेल यांची हकीकत आम्ही येथें देत आहों.

बेडेल हे जन्मानें इंग्रज. इसेक्स परगण्यांतील ब्लॅक नॉटली या खेड्यांत १५७१ सालीं त्यांचा जन्म झाला. केंब्रिज येथें विद्या संपादून ते पाळक झाले. पुढें १६०७ पासून सुमारें तीन वर्षें ते व्हेनिस शहरीं इंग्लिश वकिलाचे धर्मगुरु होते. तेथें पाओलो सार्पी या विद्वान् कॅथलिक साधूशीं त्यांचा स्नेह जडला.

१६२७ सालीं डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचे मुख्य म्हणून ते आयर्लंडांत आले. आयरिश लोकांनीं इंग्रजी भाषा व पेहराव स्वीकारावा असा कायदा १५३७ पासून होता, आणि राज्यकर्त्यांपैकीं पुष्कळांस ही भाषा म्हणजे बंडाचें बीज वाटे. बेडेल यांस तसें वाटलें नाहीं. ज्यांची सेवा करावयाची त्यांची वाणी आपणांस कळत नाहीं, हेंच त्यांच्या मनास लागलें. पन्नाशी उलटल्यावर नवी भाषा शिकणें किती कठीण, हें आमच्या विद्यार्थ्यांच्या वडीलमंडळीस सांगावयास नको! त्यांस ती बोलतां कधींच आली नाहीं म्हणतात. परंतु वाचतां चांगली येऊं लागली, आणि कॉलेजांत आयरिश प्रार्थना व आयरिशचें अध्यापन त्यांनीं सुरू केलें.

१६२९ मध्यें ते किलमोरचे बिशप झाले. कॅव्हन भागांतील या प्रांताचा बहुजनसमाज कॅथलिक व आयरिश बोलणारा. १६३१ मध्यें बेडेल यांनीं दोन्ही भाषांत एक छोटी प्रश्नोत्तरी छापविली. नवा करार आयरिशमध्यें पूर्वींच निघाला होता. जुना करार त्यांनीं मर्टा किंग व जेम्स नँगल यांजकडून भाषांतरित करविला. जेवणानंतर एक अध्याय घेऊन तो हिब्रू मूळाशीं व इटालियन भाषांतराशीं ताडून पाहावयाचा, असा बेडेल यांचा क्रम असे. आपल्या पंथाचा प्रसार हा त्यांचा हेतु होताच. तो झांकण्यांत अर्थ नाहीं. पण त्याच काळांत लूव्हें येथें आयरिश फ्रान्सिस्कन साधु कॅथलिक धर्माचीं पुस्तकें याच भाषेंत छापीत होते. दोघे एकमेकांविरुद्ध झटत होते, आणि भाषा दोघांच्याही हातून समृद्ध होत होती.

बेडेल यांस त्रास झाला तो स्वकीयांकडून. वृद्ध किंग यांस नालायक ठरवून त्यांची वृत्ति हिरावून घेण्यांत आली व त्यांस तुरुंगांतही टाकलें. बेडेल यांनीं त्यांचा कैवार घेतला, तो व्यर्थ गेला. १६४० च्या सुमारास भाषांतर पुरें झालें, आणि हस्तलिखित तसेंच पडून राहिलें.

१६४१ च्या शरदृतूंत आयरिश कॅथलिकांनीं उठाव केला. सभोंवतालचे प्रॉटेस्टंट लोक घरेंदारें सोडून पळाले, त्यांतील पुष्कळांस बेडेल यांच्या घरीं आश्रय मिळाला. उठावकऱ्यांनीं कित्येक आठवडे त्या घरास हात लावला नाहीं. अखेर डिसेंबरांत त्यांस सरोवरांतील क्लॉखऊटर किल्ल्यांत नेऊन ठेविलें. ऐन थंडीचे सुमारें तीन आठवडे तेथें काढल्यावर त्यांची सुटका झाली. पण शरीर खचलें होतें. डेनिस शेरिडन या आयरिश पाळकाच्या घरीं ७ फेब्रुवारी १६४२ रोजीं ज्वरानें त्यांचा अंत झाला.

त्यांच्या अंत्ययात्रेबरोबर उठावकऱ्यांचे सैनिक चालले, आणि किलमोर येथें पत्नीच्या शेजारीं देह ठेवतांना त्यांनीं बंदुकांची सलामी दिली. तेथें हजर असलेल्या एका कॅथलिक धर्मगुरूनें, मरणोत्तर आपला आत्मा बेडेल यांच्या आत्म्याजवळ असावा, अशी इच्छा प्रकट केली.

त्या धामधुमींत बेडेल यांचीं बहुतेक पुस्तकें व कागद नाहींसे झाले. जुन्या कराराचें हस्तलिखित मात्र शेरिडन यांनीं जिवापलीकडे सांभाळलें. सुप्रसिद्ध शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइल यांनीं पदरचा पैसा घातला, तेव्हां १६८५ सालीं तें छापून निघालें. कॅथलिकांचें संपूर्ण आयरिश बायबल मेनूथ येथून १९८१ मध्यें प्रसिद्ध झालें. तोंपर्यंत, म्हणजे २९६ वर्षें, आयरिश भाषेंत जुना करार समग्र वाचावयाचा तर बेडेल यांचाच ग्रंथ उघडावा लागे.