लुई ब्रेल: पंधराव्या वर्षी सहा ठिपक्यांचा कोड बनवणारा मुलगा

तुमच्या अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी नावाचा एक विभाग असतो. त्यात टॉकबॅक असतं आणि टॉकबॅकमध्ये ब्रेल कीबोर्ड. आयफोनमध्येही व्हॉइसओव्हरसोबत अशीच सोय आहे. हा कीबोर्ड चालू केला की स्क्रीनवर फक्त सहा ठिपके येतात, आणि या सहा ठिपक्यांवर अख्खी भाषा टाइप होते.

हे सहा ठिपके जवळपास दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसच्या एका शाळेत ठरले. ठरवणारा होता त्याच शाळेतला एक विद्यार्थी. आणि गंमत म्हणजे पुढे त्याच शाळेने त्यांच्यावर बंदीही घातली! आज त्याचीच गोष्ट बघूया.

आरी लागली आणि डोळे गेले

लुई ब्रेलचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी फ्रान्समधल्या कूव्रे या गावी झाला. पॅरिसपासून हे गाव साधारण ४० किलोमीटरवर आहे. वडील घोड्यांची खोगिरं आणि लगाम बनवायचे, त्यामुळे घरातच चामड्याच्या कामाची हत्यारं असायची. तीन वर्षांचा असताना खेळता खेळता लुईच्या डोळ्यात टोकदार हत्यार घुसलं. जखम चिघळली, संसर्ग दुसऱ्या डोळ्यातही गेला. पाच वर्षांचा होईपर्यंत त्याला काहीच दिसेनासं झालं.

त्या काळी अंध मुलाच्या वाट्याला बहुतेक वेळा भीक मागणंच यायचं. पण लुईच्या आईवडिलांनी त्याला गावातल्या साध्या शाळेत घातलं. ऐकून ऐकून तो इतर मुलांच्या बरोबरीने शिकला. त्याची हुशारी बघून १८१९ मध्ये, दहाव्या वर्षी, त्याला पॅरिसच्या अंध मुलांच्या शाळेत पाठवण्यात आलं.

शाळेतलं जुनं तंत्रज्ञान

ही शाळा व्हॅलेंतीन आयुई यांनी १७८० च्या दशकात सुरू केली होती. अंध मुलांसाठी पुस्तकं छापणं ही त्यांचीच कल्पना. ओल्या जाड कागदावर मोठी अक्षरं दाबायची, म्हणजे कागदावर अक्षरांचा उठाव यायचा आणि मुलं त्यावर बोट फिरवून वाचायची.

त्या काळासाठी हे मोठंच पाऊल होतं. पण अडचणी बघा. एकेक अक्षर बोटाने चाचपायला खूप वेळ लागायचा. पुस्तकं अवजड आणि महाग, त्यामुळे मोजकीच. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे मुलांना हे स्वतः लिहिता येत नव्हतं. म्हणजे वाचता येतंय, पण वहीत एक ओळही उतरवून घेता येत नाही! नोट्स काढणं नाही की घरी पत्र पाठवणं नाही.

असं का झालं? कारण ती अक्षरं डोळ्यांसाठी बनली होती. बोटाला त्यातलं वळण पटकन कळत नाही. ठिपका मात्र लगेच कळतो.

१२ ठिपक्यांचे झाले ६

१८२१ च्या सुमारास शार्ल बार्बिये नावाच्या एका माजी सैन्याधिकाऱ्याची पद्धत या शाळेत आली. त्यांनी उठावाचे ठिपके वापरले होते, आणि साध्या टोचणीने ते कागदावर उमटवताही येत होते. लुई तेव्हा बारा वर्षांचा होता.

कल्पना भारी होती, पण कोडमध्ये त्रुटी होत्या. एका चिन्हात बारापर्यंत ठिपके असायचे. ते एका बोटाखाली मावत नसत. शिवाय ती पद्धत उच्चारांवर चालायची, त्यामुळे शुद्धलेखन, विरामचिन्हं, गणित यांना त्यात जागाच नव्हती.

लुईने पुढची काही वर्षं हेच डोक्यात घेतलं. दिवसभर वर्ग, उरलेल्या वेळात कागद आणि टोचणी. १८२४ मध्ये, पंधराव्या वर्षी, त्याचा नवा आराखडा तयार झाला: दोन उभ्या रांगा, प्रत्येकीत तीन ठिपके, एकूण सहा. अख्खं अक्षर बोटाच्या एका स्पर्शात कळणार.

आता याच्यातलं लॉजिक समजून घ्या. प्रत्येक ठिपका एकतर आहे किंवा नाही, म्हणजे १ किंवा ०. सहा जागा म्हणजे २ चा सहावा घात, एकूण ६४ रचना. आजच्या भाषेत हा चक्क सहा बिटचा कोड झाला! पाठांतर कमी करण्याची युक्तीही त्यात आहे. पहिली दहा अक्षरं फक्त वरच्या चार ठिपक्यांत बसवली. पुढच्या दहा अक्षरांसाठी त्याच रचनांत खाली एक ठिपका जोडला. म्हणजे दहा रचना पाठ झाल्या की वीस अक्षरं आलीच.

१८२९ मध्ये त्याचं पुस्तक छापून आलं, आणि त्यात बार्बिये यांना त्यांचं श्रेय दिलेलं होतं. पहिल्या आवृत्तीत ठिपक्यांबरोबर काही रेघाही होत्या. वापरताना त्या अडचणीच्या ठरल्या, म्हणून १८३७ च्या आवृत्तीत त्या काढून टाकल्या.

वर्गात बंदी

१८३३ मध्ये ब्रेल त्याच शाळेत पूर्ण वेळ शिक्षक झाले. व्याकरण, भूगोल, गणित ते शिकवायचे, चर्चमध्ये ऑर्गनही वाजवायचे. संगीताची लिपीही त्यांनी याच ठिपक्यांत बसवली होती. मुलांना तर ही पद्धत फारच आवडली. पहिल्यांदाच त्यांना स्वतःच्या हाताने लिहिलेलं स्वतःला वाचता येत होतं.

पण १८४० मध्ये शाळेचे संचालक बदलले. नवे संचालक द्युफो यांना उठावाची नेहमीची अक्षरंच हवी होती. डोळसांना न कळणारी वेगळी लिपी अंधांना समाजापासून तोडेल, असा या बाजूचा मुद्दा होता. वर्गात ब्रेलवर बंदी आली. ज्यांना ती वापरायची होती त्यांना मात्र कोणी विचारलं नाही.

मुलं ऐकतात थोडीच! लपूनछपून त्यांचं लिहिणं चालूच राहिलं. शेवटी उपप्रमुख गादे यांना पटलं की ही पद्धत थांबणार नाही, आणि थांबवूही नये. १८४४ मध्ये शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनात सगळ्यांसमोर ब्रेलचं प्रात्यक्षिक झालं, आणि वर्गाचे दरवाजे पुन्हा उघडले.

बंदीच्या आधीच ब्रेल यांनी डोळसांच्या मुद्द्यावर उत्तरही शोधलं होतं. १८३९ मध्ये त्यांनी अशी पद्धत मांडली की अंध व्यक्ती ठिपके जोडून नेहमीचीच अक्षरं काढेल आणि डोळस माणूस ती सहज वाचेल. पिएर फुको या अंध मित्राने त्यासाठी एक यंत्रही बनवलं. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवरचं बिल पाहिलंय ना? कल्पना तीच, फक्त शंभरेक वर्षं आधीची.

नंतर काय झालं?

शाळेच्या जुन्या इमारतीत ओल आणि थंडी असायची. ब्रेल यांना तरुणपणीच क्षयरोगाने गाठलं. ६ जानेवारी १८५२ रोजी, ४३ वा वाढदिवस झाल्यावर दोनच दिवसांनी, ते गेले. १८५४ मध्ये फ्रान्सने त्यांच्या लिपीला अधिकृत मान्यता दिली. ती बघायला ते नव्हते.

आपल्याकडे १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली. मराठीसकट भारतीय भाषांसाठी तिच्यात एकच पद्धत आहे. मराठी 'ब' आणि इंग्रजी 'बी' यांची रचना तीच, 'क' आणि 'के' यांचीही तीच. २००९ मध्ये भारत सरकारने ब्रेल यांच्या स्मरणार्थ दोन रुपयांचं नाणंही काढलं. कुठे सापडलं तर जपून ठेवा.

आज युनिकोडमध्ये ब्रेलसाठी वेगळी जागा आहे, आणि पिना वरखाली होऊन मजकूर दाखवणारे ब्रेल डिस्प्ले फोनला जोडता येतात. फोनवरच्या ब्रेल कीबोर्डसाठी स्क्रीन समोरच्या बाजूला करून दोन्ही हातांची सहा बोटं त्यावर ठेवतात. करून बघणार असाल तर एक लक्षात ठेवा: टॉकबॅक चालू केल्यावर फोन एका टॅपने उघडत नाही, एकदा निवडायचं आणि मग डबल टॅप.

तुमच्या शाळेत किंवा कॉलेजात नवा स्मार्ट बोर्ड, टॅब किंवा ॲप आलं तर ब्रेल यांच्या वर्गातला प्रश्न तिथेही विचारून बघा: यावर विद्यार्थ्याला फक्त बघता येतं, की स्वतः काही लिहिता आणि बनवताही येतं? आणि हे निवडताना वापरणाऱ्यांना कोणी विचारलं होतं का?