गाळातले कामगार ओळखणारा माणूस : सेर्गेई विनोग्राद्स्की

उन्हाळ्यात वाईजवळ कृष्णेच्या पात्रात पाणी साचून राहिलेल्या जागी वीतभर खणून पाहा. वरचा तांबूस थर संपतो, खाली काळा चिखल लागतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. नांगरणी न झालेल्या, पाणी तुंबलेल्या भातखाचरातही तुम्ही हा वास घेतला असेल. त्या वासाच्या वायूवर कोणते जीवाणू जगतात, हे ज्यांनी शोधले ते सेर्गेई विनोग्राद्स्की.

त्यांचा जन्म १८५६ साली कीव्ह शहरात, सधन घरात झाला. आधी कायद्याचा अभ्यास केला, तो सोडून पियानो शिकायला गेले, तिथेही मन रमेना. शेवटी सेंट पीटर्सबर्गला विज्ञानाकडे वळले. १८८५ साली ते स्ट्रासबुर्गला आंतोन द बारी यांच्याकडे गेले. बटाट्याच्या उशिरा येणाऱ्या करप्यामागची बुरशी नीट समजावून दिली ते हेच द बारी.

तिथे विनोग्राद्स्कींनी गंधकाच्या पाण्यात वाढणारा बेगियाटोआ नावाचा जीवाणू घेतला. सडका वास असलेला वायू दिला की त्याच्या पेशीत गंधकाचे कण साठत. वायू बंद केला की कण नाहीसे होत आणि पाण्यात सल्फेट सापडे. म्हणजे आपण भाकरी खातो तसा हा जीव गंधक ‘जाळून’ जगत होता. सेंद्रिय अन्नाशिवाय, उजेडाशिवाय कोणी जगू शकते, हे तेव्हाच्या शास्त्रज्ञांना नवीन होते.

द बारी वारल्यावर ते झुरिचला गेले आणि तुमच्या खताच्या पोत्याशी थेट नाते असलेले काम तिथे झाले. जमिनीतला अमोनिया जीवाणूंमुळे नायट्रेट होतो, हे फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंट्स यांनी १८७७ सालीच दाखवले होते. पण ते जीवाणू कोणाच्या हाती लागत नव्हते. सगळे जण त्यांना जिलेटीन, मांसरस असे पौष्टिक अन्न देत आणि त्यावर दुसरेच जीवाणू माजत. विनोग्राद्स्कींनी उलटे केले. अन्न काढून घेतले, फक्त अमोनिया आणि क्षार ठेवले. पुढे सिलिकाचा जेल वापरला. उपाशी थाळीवर हवे ते जीवाणू वाढले. कामाचे दोन टप्पेही कळले : एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा त्याचे नायट्रेट.

आता तुमच्या शिवारात या. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत सुमारे २०.७ किलो नत्र असते. त्याचा अमोनिया झाला की तो मातीच्या कणांना धरून राहतो. नायट्रेट मात्र धरून राहत नाही; उसाला किंवा हळदीला मोकाट पाणी दिले की ते मुळांच्या खाली निघून जाते. पाणी तुंबले तर दुसरे जीवाणू त्याचा वायू करून उडवतात. निंबोळीचे आवरण असलेला युरिया या पहिल्या टप्प्यालाच मंद करतो. भातात युरिया-डीएपीच्या ब्रिकेट खोल गाडायला सांगतात त्यामागेही हेच आहे : खालच्या चिखलात हवा नसते, त्यामुळे नायट्रेट करणारे जीवाणू तिथे थंड असतात.

माण-खटावकडच्या वाचकांना वाटेल, आमचा ओढा तर आठ महिने कोरडा. पण अमेरिकेत अॅरिझोनाच्या वाळवंटातल्या सिकॅमोर क्रीक या ओढ्यावर अभ्यास झाला आहे. तिथे वाळूच्या पट्ट्यातून झिरपणाऱ्या पाण्यात हेच जीवाणू नायट्रेट तयार करतात. कोरड्या मातीवर पहिला पाऊस पडला की त्यांचे काम एकदम वेग घेते. म्हणून पहिल्या पावसाआधी घाईने युरिया फेकण्यात फायदा कमी, असे आमचे मत.

१८९५ साली त्यांनी हवेशिवाय जगून हवेतले नत्र बांधणारा क्लोस्ट्रिडियमही वेगळा केला. १९०५ नंतर प्रकृतीमुळे ते प्रयोगशाळा सोडून आपल्या जमिनीवर शेती आणि जंगल सांभाळत राहिले. १९१७ च्या क्रांतीत सगळे गेले. बेलग्रेडमार्गे ते पॅरिसजवळच्या ब्री-कोंत-रोबेर इथे पाश्चर संस्थेच्या केंद्रात आले, तेव्हा वय सहासष्टच्या आसपास होते. तिथे त्यांनी नव्याने सुरुवात केली. बाटलीत वर्षानुवर्षे पोसलेल्या जीवाणूंवरून शेताचा अंदाज बांधू नका, ताजी माती तपासा, हा त्यांचा आग्रह होता. मातीत कायम संथ काम करणारे काही जीव असतात आणि शेणखत पडताच जागे होणारे काही, ही विभागणीही त्यांचीच.

त्यांच्या नावाचा प्रयोग घरी करता येतो. पारदर्शक बाटलीत नदीचा गाळ, फाडलेला कागद, चिमूटभर जिप्सम आणि थोडे अंड्याचे बलक भरा, वर नदीचे पाणी ओता, झाकण सैल ठेवा आणि खिडकीच्या उजेडात ठेवा. काही आठवड्यांत तळाला काळा, मध्ये हिरवा-जांभळा असे थर दिसू लागतात. बलकामुळे वास येतो, तेव्हा बाटली ओसरीवरच बरी.

मातीच्या जीवाणूंवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९४९ साली, नव्वदी उलटल्यावर निघाला. १९५३ साली ब्री-कोंत-रोबेर इथेच त्यांचे निधन झाले.