एक्सप्लेनर : बॉसने थांबवलेले काम अन् घराघरात पोहोचलेली टेप, कोण होते रिचर्ड ड्रू?

भिंत रंगवताना स्विचबोर्डच्या कडेने लावायची, किचनमधल्या डब्यावर नाव लिहून चिकटवायची आणि काम झाले की अलगद काढून टाकायची कागदी पट्टी म्हणजे मास्किंग टेप. ती शोधणाऱ्या रिचर्ड ड्रू यांना त्यांच्या कंपनीनेच हे काम बंद करायला सांगितले होते. मग टेप बाजारात आली कशी?

इंजिनिअरिंग अर्धवट
ड्रू यांचा जन्म २२ जून १८९९ रोजी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल शहरात झाला. बँजो वाजवून त्यांनी इंजिनिअरिंगच्या खर्चाला हातभार लावला. पण शिक्षण अर्धवट राहिले. पुढे पॉलिश पेपर बनवणाऱ्या थ्रीएम कंपनीत ते लॅब टेक्निशियन म्हणून लागले.

गॅरेजमधला जुगाड
पॉलिश पेपरचे नमुने घेऊन ते गॅरेजमध्ये जात. तेव्हा दोन रंगांच्या मोटारींची फॅशन होती. एक रंग मारताना दुसरा भाग झाकायला पेंटर वर्तमानपत्र, डिंक, दवाखान्यातली चिकटपट्टी असे हाताला येईल ते वापरत. ते काढताना ताजा रंगही निघून येई आणि सगळी मेहनत वाया जाई. पेंटरचा वैताग पाहून ड्रू यांनी उपाय शोधण्याचा शब्द दिला.

९९ डॉलरची युक्ती
प्रयोग लांबले, तेव्हा वरिष्ठ अधिकारी विल्यम मॅकनाइट यांनी त्यांना पॉलिश पेपरच्या कामाला परत जायला सांगितले. ड्रू गेले, पण टेप डोक्यातून गेली नाही. मशीनसाठी पैसे नाकारले गेले. मात्र १०० डॉलरपर्यंतची खरेदी ते स्वतःच्या सहीने करू शकत होते. त्यामुळे त्यांनी ९९ डॉलरच्या ऑर्डर काढून मशीन उभे केले, असे सांगितले जाते.

टेप चिकटते, तरी सुटते कशी?
१९२५ मध्ये टेप तयार झाली. सुरकुत्यांचा क्रेप पेपर ताणला जातो, म्हणून तो मोटारीच्या वळणावर नीट बसतो. त्यावर सुतारकामाचा सरस आणि ग्लिसरीन यांचा थर होता. नुसता सरस वाळून कडक होतो. ग्लिसरीन त्याला मऊ ठेवते. त्यामुळे टेप चिकटते आणि रंग न उखडता निघतेही.

मंदीत आधार
१९३० मध्ये ड्रू यांची पारदर्शक सेलोफेन टेप आली. ती पॅकिंगसाठी होती. पण महामंदीत नवे घ्यायला पैसे नसलेल्या लोकांनी फाटकी पुस्तके, तुटकी खेळणी, पडदे तिनेच सांधले.

बॉसही बदलले
ड्रू यांचे १४ डिसेंबर १९८० रोजी निधन झाले. त्यांना थांबवणारे मॅकनाइट पुढे कंपनीचे प्रमुख झाले. कर्मचाऱ्यांना मोकळीक द्या, चुका होऊ द्या, हे धोरण त्यांनीच आणले. कामाचा १५ टक्के वेळ स्वतःच्या कल्पनेसाठी देण्याची थ्रीएमची प्रथा आजही ओळखली जाते.