मुशीचं पोट आणि बिशप स्टेनो

गेल्या शुक्रवारी आईने आंबटतिखासाठी मोरी आणली. मोरी म्हणजे मराठीतली मुशी, छोटा शार्क. पोट चिरलं तर आत बोटाएवढी चार पिल्लं, आणि प्रत्येकाला चक्क नाळ! माशाला नाळ असते हे मला तोवर माहीतच नव्हतं.

मावशीही तिथेच बसली होती. काका गेल्यावर सासरच्यांनी तिला सुनावलं होतं की मुलं आमचीच, बी आमचं, तू नुसती जमीन. ती गोष्ट ती विसरलेली नाही. त्या पिल्लांकडे ती बराच वेळ बघत राहिली. मी मात्र नाळेचा शोध घेत बसले आणि त्यात मला निकोलस स्टेनो भेटले.

त्यांचा जन्म १६३८चा, कोपनहेगनमधला. वडील सोनार, घर लुथरन. बावीस वर्षांचे असताना अॅमस्टरडॅमला त्यांनी मेंढीच्या डोक्यात लाळेची एक नळी शोधून काढली. तिचं श्रेय शिक्षकाने स्वतःकडे घ्यायचा प्रयत्न केला, बरंच भांडण झालं. हात सुरीवर बसलेला आणि नजर अशी की दुसऱ्याला नुसतं मांस दिसतं तिथे यांना रचना दिसायची. १६६४च्या त्यांच्या एका पुस्तकात दोन पत्रं आहेत. एक पाखट माशाच्या शरीररचनेवर, दुसरं अंड्यातला बलक कोंबडीच्या पिल्लाच्या आतड्यात कसा जातो त्यावर. पाखट आणि कोंबडी! तेव्हा कुणाला वाटलं असेल की हे दोन धागे पुढे बाईच्या पोटापर्यंत जाणार आहेत?

१६६६मध्ये ते फ्लोरेन्सला ग्रँड ड्यूक फर्डिनांद दुसऱ्याच्या आश्रयाला आले. त्याच वर्षी लिवोर्नोजवळ कोळ्यांना एक अवाढव्य शार्क सापडला आणि ड्यूकने त्याचं डोकं स्टेनोंकडे पाठवलं. खडकात सापडणारे जिभेसारखे दगड म्हणजे जुन्या शार्कचे दात, हे त्यांनी त्यावरून ओळखलं. त्यांना भूगर्भशास्त्राचे जनक म्हणतात ते इथून. ही गोष्ट सगळीकडे वाचायला मिळते, म्हणून मी तिच्यात अडकत नाही.

मला महत्त्वाचा वाटतो तो दुसरा मासा. १६६७च्या त्याच पुस्तकात मुशीच्या जातीतल्या, पिल्लं घालणाऱ्या एका छोट्या माशाच्या चिरफाडीची हकीकत आहे. त्या काळी बाईच्या बीजांडाला बाईचे वृषण म्हणत. अॅरिस्टॉटलच्या मते बीज पुरुषाचं, बाई फक्त द्रव्य पुरवते. गेलेन म्हणायचा बाईलाही बीज असतं, पण हलक्या दर्जाचं. अगदी हार्वीने १६५१मध्ये सगळे जीव अंड्यातून येतात असं लिहिलं, तरी बाईचे हे वृषण त्याला बिनकामाचेच वाटले. स्टेनोंनी बघितलं की पिल्लं घालणाऱ्या या माशाच्या तथाकथित वृषणात अंडी आहेत, आणि गर्भाशयाचं तोंड पक्ष्याच्या अंडनलिकेसारखं पोटात उघडतं. मग त्यांनी सरळ लिहून टाकलं की बाईचे वृषण म्हणजे अंडाशयच. तेव्हा ते तिशीच्याही आत होते.

म्हणजे आई नुसती जमीन नाही. तिचंही बी असतं.

पुढे त्यांनी भूमध्य समुद्रातल्या ज्या मुशीत पिल्लू नाळेने आईला जोडलेलं असतं तीही तपासली. गंमत म्हणजे हे पहिल्यांदा लिहिलं होतं अॅरिस्टॉटलनेच! बाईच्या बाबतीत चुकला, मुशीच्या बाबतीत बरोबर निघाला. लोकांचा मात्र विश्वास बसत नव्हता. एकोणिसाव्या शतकात योहानेस म्यूलर या जर्मन शास्त्रज्ञाने पुन्हा तपासलं, तेव्हा कुठे सगळ्यांना पटलं.

१६७२मध्ये स्टेनोंचा लायडनचा मित्र द ग्राफ याने बीजांडावर मोठं पुस्तक काढलं. लगेच दुसरा मित्र स्वामरडाम श्रेयावरून त्याच्याशी भांडायला उठला. प्रकरण लंडनच्या रॉयल सोसायटीपर्यंत गेलं आणि तिथे निवाडा झाला तो स्टेनोंच्या बाजूने. ते स्वतः त्या भांडणात नव्हतेच. १६६७मध्ये त्यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला होता आणि १६७५मध्ये ते धर्मगुरू झाले. आपल्या बायोलॉजीच्या पुस्तकात ग्राफचं नाव राहिलं, स्टेनोंचं नाव राहिलं लाळेच्या नळीला. मला याचा जरा रागच येतो.

१६७७मध्ये बिशप होऊन ते उत्तर जर्मनीत गेले. तिथे कॅथलिक मूठभर, तेही गरीब. त्यांच्यासाठी स्टेनोंनी बिशपची अंगठी आणि क्रूस विकला. खाणं जवळजवळ सोडलेलं, कपडे फाटके. एवढं अंगाला लावून घेणं मला पटत नाही. १६८६मध्ये श्वेरीनला ते वारले तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती. फ्लोरेन्सच्या सान लोरेंझो चर्चमध्ये त्यांना पुरलंय. १९८८मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्य घोषित केलं.

रविवारी मिस्सानंतर मी हे सगळं मावशीला सांगितलं. बिशपने मासे चिरून हे शोधलं, यावर तिचा आधी विश्वासच बसेना. मग तिने मला त्यांचं नाव कागदावर लिहून द्यायला सांगितलं, मोठ्या अक्षरात.