चुकलेल्या उत्तरांचा अभ्यासक

तीन वर्षांच्या लेकाला पन्नासपर्यंत आकडे म्हणता येतात, असे पालक बाह्यरुग्ण विभागात कौतुकाने सांगतात. मी टेबलावर औषधाच्या बाटल्यांची दहा-बारा झाकणे ठेवून त्याच्याकडे पाच मागतो. मूल बहुधा मूठभर उचलून देते आणि आई-वडिलांचा चेहरा उतरतो. अशा वेळी जाँ पियाजे आठवतात.

पियाजे यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९६ रोजी स्वित्झर्लंडमधील नशाटेल येथे झाला. ओढा प्राणिशास्त्राकडे. शाळकरी वयातच त्यांनी गोगलगायींसारख्या मृदुकाय प्राण्यांवर लेख लिहिले आणि १९१८ मध्ये निसर्गविज्ञानात डॉक्टरेट मिळवली. पुढे पॅरिसमध्ये त्यांच्याकडे मुलांच्या चाचण्यांचे काम आले. प्रश्न विचारायचे आणि बरोबर उत्तरे मोजायची, एवढेच अपेक्षित होते. पियाजे मात्र चुकलेल्या उत्तरांत रमले. एका वयाची मुले साधारण एकाच तऱ्हेने चुकत होती. त्या चुकांमागेही काही तर्क होता.

१९२१ मध्ये ते जिनिव्हाच्या रूसो इन्स्टिट्यूटमध्ये रुजू झाले. स्वतःच्या तीन मुलांच्या बाळपणाच्या बारीक नोंदी त्यांनी आणि पत्नी व्हॅलेंटाइन यांनी ठेवल्या. संख्येच्या आकलनावरचे त्यांचे पुस्तक अलिना शेमिन्स्का यांच्यासोबत १९४१ मध्ये आले.

त्यातला एक प्रयोग घरीही करता येतो. सहा वाट्या ओळीत मांडायच्या आणि प्रत्येकीसमोर एक अंडे ठेवायला सांगायचे. दोन्ही सारखीच आहेत, हे मुलाला पटते. मग त्याच्यादेखत अंडी जवळजवळ सरकवायची. चार-पाच वर्षांची बरीच मुले आता वाट्या जास्त आहेत असे सांगतात, कारण त्यांची ओळ लांब दिसते. काही तर दोन्हीकडे सहा मोजूनही मत बदलत नाहीत. सहा-सात वर्षांचे मूल मात्र प्रश्नालाच हसते. काही काढले नाही, घातले नाही, मग संख्या बदलेल कशी? जोड्या लावणे, क्रम लावणे, गट करणे यातून मूल संख्येची कल्पना स्वतः उभारते, असे पियाजे यांनी मांडले. आकडे पाठ असणे हा त्यातला छोटा भाग.

पियाजेही काही ठिकाणी चुकले. १९६७ मध्ये जाक मेलर आणि थॉमस बेव्हर यांनी अशाच ओळी गोड गोळ्यांच्या मांडल्या, तेव्हा अडीच-तीन वर्षांच्या बहुतेक मुलांनी जास्त गोळ्यांची ओळ अचूक उचलली. म्हणजे मुलांना पियाजे समजत होते त्याहून बरेच आधी काही कळत असते. प्रश्न कसा विचारला, यावरही उत्तर ठरते. त्यांनी दिलेली वये म्हणूनच काटेकोर धरू नयेत. पियाजे १६ सप्टेंबर १९८० रोजी जिनिव्हात वारले. मुलाच्या चुकीकडे कुतूहलाने पाहायची सवय मात्र त्यांनी जगाला लावली.

पाच झाकणे न देणारे ते मूल ‘मागे’ नाही. मागितले तितके मोजून देणे बहुतेकांना चौथ्या वर्षाच्या आसपास जमू लागते. तोवर पाढ्यांची घाई नको. जेवताना प्रत्येक ताटाजवळ एक वाटी ठेवायला सांगा, तीन शेंगदाणे मागा, जिन्याच्या पायऱ्या मोजत चढा. चुकले तर रागावू नका. असे का वाटले, ते विचारा. बोलणे, ऐकणे, खेळणे यांतही मूल मागे वाटले, तर मात्र डॉक्टरांना जरूर दाखवा.